मुरूम टाकण्याआधी लेव्हल घ्या

"सरकारी मोजणी झाली, 'क' प्रत हातात आहे, मग पुन्हा सर्व्हे कशाला?" असे फोन आम्हा सर्व्हेवाल्यांना नेहमी येतात. 'क' प्रत म्हणजे त्या मोजणीच्या नकाशाची प्रत. मोजणीच्या नकाशात हद्द कळते. जमीन कुठे उंच, कुठे खोल, पावसाचं पाणी कोणत्या कोपऱ्यातून निघतं, हे त्यात नसतं; ते लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची, मोजूनच कळतं. प्लिंथची (जोत्याची) उंची आणि ड्रेनेजचा उतार ठरवायला तेच लागतं. पाइपला शंभरास एक उतार धरला तरी ३० मीटरला ३० सेंटिमीटर खोली हवी.

पण खरा खोळंबा होतो तो आधी जेसीबी लावल्याने. नागपूरच्या बेसा भागात एका प्लॉटवर पोचलो तेव्हा जमीन अगदी सपाट, मालक खुशीत. खड्डा घेतला तर वर अडीच फूट मुरूम, खाली काळी माती आणि एका कडेला बुजलेली शेताची नाली. त्यातली माती मुठीत दाबली तर पाणी सुटत होतं. मूळ पातळी शोधायला सहा खड्डे आणि दोन जास्तीच्या चकरा लागल्या. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; फुटिंगची (पायाची) खोली मूळ जमिनीपासून धरायची असते, भरावापासून नाही.

शिवाय १०,००० चौरस फुटांवर एक फूट भराव म्हणजे १०० ब्रास मुरूम (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). आधीची आणि नंतरची लेव्हल असेल तर टिप्परवाल्याचं बिल तुम्हीच तपासू शकता. आमची फी त्यापुढे फार नाही.

प्लॉटबाहेर रस्त्याची, नाल्याच्या तळाची आणि शेजारच्या प्लिंथची लेव्हल आम्ही घेतोच. ते वेळकाढूपण नाही. सिमेंट रस्ते उंचावल्यावर किती अंगणं खाली गेली, ते आपण पाहतोच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा फूटभर उंचीचं मोल सगळ्यांना कळलं.

मे महिन्यात आम्ही सकाळी सहालाच येतो. दुपारी तापलेल्या जमिनीवर स्टाफचे (उभ्या मोजपट्टीचे) आकडे दुर्बिणीत थरथरतात, रीडिंग चुकतं.

आम्ही येईपर्यंत विहीर बुजवू नका, झाडं तोडू नका. सातबारा किंवा लेआउटचा नकाशा आणि 'क' प्रत काढून ठेवा. आम्ही लाल रंगाने केलेली बेंचमार्कची, म्हणजे ज्या बिंदूपासून सगळ्या उंच्या मोजतो त्याची, खूण प्लिंथ होईपर्यंत पुसू देऊ नका. मुरूम आधीच पडला असेल तर फोनवरच सांगा, खड्डे घ्यायला माणसं सोबत आणू.