सायलेन्सर बदलल्यावर इंजिन लीन होणे

मोटारसायकलचा कंपनीचा सायलेन्सर काढून बाहेरचा बसवल्यावर इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडू लागते, त्याला गॅरेजच्या भाषेत ‘गाडी लीन होणे’ म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ‘गाडी एअर घेते’ असेही म्हणतात. पण एअर घेणे म्हणजे सांध्यातून चोरटी हवा शिरणे. लक्षणे सारखीच असल्याने गल्लत होते आणि जिथे पन्नास रुपयांचे पॅकिंग बदलायचे तिथे जेट (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्र) बदलले जाते.

शुद्ध पेट्रोल पुरते जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. पुरी ताकद १२.५ ते १३ पटीच्या आसपास मिळते. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला पहिला आकडा साधारण १३.५ वर येतो. त्यामुळे जुन्या पेट्रोलवर जेट ठरवलेली कार्बोरेटरची गाडी आता मुळातच थोडी लीन चालते. मोकळ्या सायलेन्सरमुळे जळका वायू लवकर सुटतो, सिलिंडर अधिक भरतो आणि पेट्रोलची उरलीसुरली सवलतही संपते. तरी बेंड (इंजिनपासून मागच्या डब्यापर्यंतची वाकडी नळी) तोच ठेवून नुसता मागचा डबा बदलला तर फरक किरकोळ असतो. बेंडसकट सगळे बदलले आणि एअर फिल्टरही मोकळा केला, तर पेट्रोल वाढवल्याशिवाय भागत नाही.

लीन गाडीची लक्षणे अशी: थंड असताना चोक (हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी झडप) जास्त वेळ लागतो. रेस दिली की क्षणभर अडखळते, एका वेगात धरली की हिसके देते, रेस सोडली तरी आरपीएम वर लटकून सावकाश उतरतात. चढावर टकटक आवाज आला तर गाडी तशीच रेटू नये. त्यातून पिस्टनचा माथा आणि एक्झॉस्ट व्हॉल्व जातो. रेस सोडताना फटाके वाजणे हा मात्र एकट्याने पुरावा नव्हे, बेंडचे गळके पॅकिंगही तेच करते. खात्रीसाठी अडखळत असताना चोक अर्धा ओढावा. गाडी सुधारली तर लीन, बिघडली तर कारण दुसरे.

पहिले काम गळती शोधण्याचे. इंजिन थंड असताना सुरू करून सायलेन्सरचे तोंड जाड ओल्या फडक्याने दोन-तीन सेकंद दाबावे. इंजिनच्या हेडजवळ किंवा डब्याच्या जोडावर फुसफुस आली की गळती सापडली. दबलेले जुने पॅकिंग पुन्हा बसत नाही, बेंड काढला की नवेच घालावे आणि दोन्ही नट आळीपाळीने आवळावेत. मग कार्बोरेटर आणि हेडमधल्या रबरावर, गरम बेंड टाळून, कार्बोरेटर क्लीनरचा बारीक फवारा मारावा. आरपीएम बदलले तर रबराला चीर आहे.

एवढे करूनही लीनच असेल तर जेटकडे वळावे. पाव रेसपर्यंत पायलट जेट आणि मिक्स्चर स्क्रू, पाव ते पाऊण सुई, त्यापुढे मेन जेट. स्क्रू बहुधा दीड ते अडीच आटे उघडा असतो. तो कार्बोरेटरच्या इंजिनकडच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की मिश्रण घट्ट होते, म्हणजे पेट्रोल वाढते. फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, बाहेर काढला की उलट पातळ, म्हणजे लीन होते. हे न बघता फिरवलेला स्क्रू गाडी आणखी बिघडवतो. पेट्रोलचा स्क्रू तीन आट्यांपुढे जाऊ लागला तर पायलट जेट एक नंबर मोठे घ्यावे. सुईची क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर येते आणि पेट्रोल वाढते. खाचा नसलेल्या सुईखाली अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर चालतो. मेन जेट एका वेळी एकच नंबर वाढवावे, ११० असेल तर ११२.५. तार घालून छिद्र मोठे करू नये: ते अंडाकृती होते आणि नंबराला अर्थ उरत नाही.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाचे नवे निकष) गाड्यांत कार्बोरेटरऐवजी जवळपास सर्वत्र इंजेक्शन आहे. ऑक्सिजन सेन्सर एकसारख्या चालीत पेट्रोल दुरुस्त करत राहतो, पण पुऱ्या रेसला ईसीयू (इंजिनचा संगणक) आपल्यात भरलेल्या ठराविक आकड्यांच्या नकाशावर चालतो आणि गाडी तिथे लीन राहते. त्याला रीमॅप (तो नकाशा बदलणे) किंवा फ्युएल कंट्रोलर (पेट्रोल वाढवणारी जोडपेटी) लागतो. सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा पाहून सेन्सर फसतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि फटाके वाजत असूनही प्लग काळा निघतो. नव्या बेंडला सेन्सरची जागाच नसेल तर तो लोंबकळत ठेवू नये. त्याच आट्यांचा नट बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर करून बेंडला वेल्ड करता येतो. सेन्सरचे टोक आडव्या रेषेच्या खालून वर नको, नाहीतर पाणी साचते. फेरबदल केलेला कर्कश सायलेन्सर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली गुन्हा ठरतो, बुलेटच्या सायलेन्सरमधली आवाज दाबणारी पुंगळी काढणेही त्यातच मोडते.

कार्बोरेटरच्या गाडीला इथे उंचीचा हिशेब लागतो. बेळगाव सुमारे ७५० मीटरवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण ७ टक्के विरळ, म्हणून तेच जेट तिथे ३-४ टक्के घट्ट मिश्रण देते. शहरात बरोबर १३ पट हवेवर बसवलेली गाडी जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून साखळीला पोचली की १३.५ च्या आसपास जाते. परतीचा चढ त्याच लीन मिश्रणावर, उकाड्यात, पुऱ्या भाराने सुरू होतो. म्हणून मेन जेट घाटाखालच्या सपाटीवर ठरवावे: पुऱ्या रेसमध्येच किल स्विच बंद करून लगेच क्लच दाबावा, गाडी बाजूला घेऊन प्लग काढावा. चिनीमातीच्या तळाशी फिकट तपकिरी कडे दिसले तर जेट ठीक. तळापर्यंत पांढराफेक असेल किंवा बारीक चंदेरी ठिपके दिसले तर एक नंबर वाढवून मगच घाट चढावा. बेळगावात तेच जेट किंचित घट्ट चालेल आणि मायलेज थोडे घटेल.