फॅफ्साच्या अर्जातला लग्नाचा रकाना

अमेरिकेत कॉलेजच्या खर्चाला सरकारी मदत हवी असेल, तर फॅफ्सा नावाचा अर्ज भरावा लागतो. न्यू जर्सी असो की कॅलिफोर्निया, ज्या मराठी घरात बारावीतले मूल आहे तिथे हा शब्द जेवताना निघतोच. त्या अर्जात एक साधा रकाना आहे: आज, अर्ज भरण्याच्या दिवशी, तुमचे लग्न झालेले आहे का? साखरपुडा झाला, हॉल ठरला, पत्रिका छापायला गेल्या, तरी उत्तर ‘नाही’ असेच द्यायचे.

एकवीस वर्षांची एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. रात्रपाळी करते, स्वतःच्या खोलीचे भाडे स्वतः भरते, दोन वर्षांत घरून एक डॉलर घेतलेला नाही. तरीही ती अविवाहित असेल, तर तिची मदत ठरवताना आई-वडिलांचे उत्पन्न मोजले जाते. पुढच्या महिन्यात तिने लग्न करून मग अर्ज भरला, तर आई-वडील त्यातून पूर्णपणे वगळले जातात आणि त्यांच्या जागी नवरा येतो. कष्ट करून जे सिद्ध करता आले नाही, ते लग्नाच्या दाखल्याने एका दिवसात सिद्ध होते. हा नियम इथवर कसा आला, ते पाहण्यासारखे आहे.

दुसऱ्या महायुद्धाआधी लग्न झालेला विद्यार्थी हा अमेरिकन कॉलेजांना अडचणीचा विषय वाटे. मुलींच्या अनेक कॉलेजांत आणि परिचारिकांच्या शाळांत लग्न केले की शिक्षण सोडावे लागे. चित्र पालटले ते 1944 च्या कायद्याने, ज्याला सगळे जीआय बिल म्हणतात. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना वर्षाला 500 डॉलरपर्यंत फी आणि वर महिन्याचा निर्वाहभत्ता मिळू लागला. एकट्या माणसाला 50 डॉलर, कुटुंब सांभाळणाऱ्याला 75. पुढे हे आकडे वाढत गेले. 1948 मध्ये एकट्याला 75, एक माणूस पदरी असेल तर 105 आणि त्याहून जास्त असतील तर 120 डॉलर झाले. 1947 साली कॉलेजांत शिकणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे माजी सैनिक होते. विद्यापीठांच्या मैदानांवर पत्र्याच्या बराकी आणि ट्रेलरच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि दोऱ्यांवर तान्ह्या मुलांचे लंगोट वाळू लागले. त्या काळी हिशोब सरळ होता. संसार म्हणजे खर्च, आणि खर्च जास्त तर मदतही जास्त. बायको कमावती आहे का, सासरा श्रीमंत आहे का, असले प्रश्न मुळात नव्हते, कारण ती मदत गरज पाहून नव्हे, सेवेची परतफेड म्हणून दिली जात होती.

गरज मोजण्याची पद्धत दुसऱ्या बाजूने आली. हार्वर्डमध्ये आर्थिक मदतीचे काम पाहणारे जॉन मन्रो यांनी 1950 च्या आसपास एक सूत्र बसवले. कुटुंबाची मिळकत, बचत, मुलांची संख्या घ्यायची आणि आई-वडिलांना किती झेपेल ते काढायचे. 1954 मध्ये कॉलेज बोर्ड या कॉलेजांच्या संघटनेने त्यासाठी स्वतंत्र सेवा सुरू केली आणि इतर कॉलेजेही त्याच मापाने मोजू लागली. (हेच मन्रो 1967 मध्ये हार्वर्ड सोडून अलाबामातल्या माइल्स कॉलेज या कृष्णवर्णीयांच्या छोट्या कॉलेजात शिकवायला गेले. मदत कुणाला हवी हे त्यांना नीट कळले होते, असे मला वाटते.) सूत्र हुशार होते, पण त्याच्या पोटात एक गृहीत होते: विद्यार्थी म्हणजे कुणाचे तरी मूल, आणि खर्चाचा पहिला भार आई-वडिलांचा. आजच्या सगळ्या नियमांचे मूळ इथे आहे.

1965 मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमधल्या सॅन मार्कोस इथे, ज्या कॉलेजात ते स्वतः शिकले होते तिथे, उच्च शिक्षण कायद्यावर सही केली. 1972 च्या दुरुस्तीने थेट विद्यार्थ्याच्या हाती जाणारे अनुदान आले. ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबॉर्न पेल यांचे नाव त्याला 1980 मध्ये मिळाले, म्हणून आज ते पेल ग्रँट. सरकारी पैसा इतक्या मोठ्या प्रमाणावर वाटायचा, तर आई-वडिलांचे उत्पन्न कुणाच्या बाबतीत धरायचे नाही, हे ठरवणे भाग होते.

सुरुवातीला सरकारने प्रत्यक्ष जगणे तपासायचे ठरवले. मुलगा किंवा मुलगी घरी काही आठवड्यांहून जास्त राहिली का? आई-वडिलांनी त्यांना ठरावीक रकमेहून जास्त पैसे दिले का? कर भरताना त्यांना स्वतःवर अवलंबून म्हणून दाखवले का? तिन्हींची उत्तरे ‘नाही’ अशी आली, तर विद्यार्थी स्वतंत्र, म्हणजे आई-वडिलांचे उत्पन्न धरायचे नाही. कागदावर हे न्याय्य दिसते. पण सुट्टीत घरी किती दिवस काढले आणि आईने हातावर किती टेकवले, हे तपासणार कोण? खरे बोलणारा अडकायचा आणि दिवस मोजून बोलणारा सुटायचा.

म्हणून 1986 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, स्वतंत्र विद्यार्थी कोण याची व्याख्या कायद्यातच लिहिली. चोवीस वर्षे पूर्ण झालेला, अनाथ, माजी सैनिक, पदरी मूल असलेला, आणि विवाहित. पण विवाहितालाही अट होती: त्याचे आई-वडील करात त्याला आपल्यावर अवलंबून दाखवत नसावेत. अविवाहित, मूल नसलेल्या मुलामुलींसाठीही एक वाट ठेवली होती. सलग दोन वर्षे आई-वडिलांनी करात दाखवलेले नाही आणि दरवर्षी किमान 4,000 डॉलरची तजवीज स्वतः केली, असे सिद्ध केले की तेही स्वतंत्र.

1992 च्या दुरुस्तीने दोन गोष्टी बदलल्या. विवाहितांवरची कराची अट गेली, लग्न झाले एवढे पुरेसे ठरले. आणि स्वावलंबनाची ती वाट बंद झाली. फॅफ्सा हा सर्वांसाठी एकच मोफत अर्जही याच कायद्यातून आला. माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोठा अन्याय याच वर्षी घडला. सोपेपणा हवा होता हे कबूल. लग्न म्हणजे एक तारीख आणि एक दाखला, तपासायला सोपा. पोट भरण्यासाठी केलेल्या कामाचा असा एकच कागद नसतो. पण जे तपासायला सोपे ते खरे मानले गेले आणि जे अवघड ते सोडून दिले. आजही कॉलेजच्या मदत अधिकाऱ्याला अपवाद करायचा अधिकार आहे. मात्र आई-वडील पैसे द्यायला नकार देतात, किंवा मुलगा स्वतःच्या पायांवर उभा आहे, एवढे कारण त्याला पुरत नाही.

मग लग्नाने फायदा होतो की तोटा? ते माहेर आणि सासर कुठले यावर ठरते. आई-वडील चांगले कमावते आणि जोडीदारही विद्यार्थीच असेल, तर मोजण्याजोगे उत्पन्न एकदम घटते आणि पेल ग्रँटही मिळू शकते. उलट, गरीब घरातल्या मुलीला पूर्ण अनुदान मिळत असते आणि ती पूर्णवेळ नोकरीवाल्याशी लग्न करते, तेव्हा तिचे नुकसान होते. आई-वडिलांच्या उत्पन्नातला वाटा टप्प्याटप्प्याने वाढत जातो. मूल नसलेल्या विवाहित जोडप्याच्या बाबतीत मात्र ठरलेल्या वजावटी गेल्यावर उरलेल्या उत्पन्नाचा थेट निम्मा भाग शिक्षणासाठी उपलब्ध आहे असे धरतात. त्यात आणखी एक गाठ आहे. 2017-18 पासून दोन वर्षांपूर्वीच्या कराचे आकडे वापरले जातात. म्हणजे जोडीदाराचे त्या वर्षीचे उत्पन्न धरले जाते, जेव्हा कदाचित दोघांची ओळखही झालेली नव्हती.

कर्जाची मर्यादा मात्र लग्नाने वाढतेच. पहिल्या वर्षाच्या अवलंबून विद्यार्थ्याला 5,500 डॉलरपर्यंत सरकारी कर्ज मिळते, स्वतंत्र विद्यार्थ्याला 9,500. पण आई-वडिलांच्या नावाने मिळणारे पॅरेंट प्लस कर्ज त्याच वेळी बंद होते. आणि ज्यांना वाटते की कोर्टात लग्न नोंदवून महागड्या खासगी विद्यापीठाची फी वाचवू, त्यांनी हे लक्षात घ्यावे: सरकारी नियम फक्त सरकारी पैशाला लागू आहेत. अनेक खासगी विद्यापीठे स्वतःच्या निधीतून मदत देताना विवाहित विद्यार्थ्याच्याही आई-वडिलांचे उत्पन्न विचारतात.

आपल्याकडून तिकडे गेलेल्यांचा संबंध वेगळ्या ठिकाणी येतो. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्याला किंवा एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर नवऱ्याबरोबर गेलेल्या मुलीला ही सरकारी मदत मिळतच नाही, लग्न झालेले असो वा नसो. ग्रीन कार्ड हाती आले की ती पात्र होते. पुण्यात किंवा कोल्हापुरात विधिवत लागलेले लग्न तिथे लग्नच धरले जाते, त्यामुळे तिच्या आई-वडिलांची मिळकत कुणी विचारत नाही, नवऱ्याची विचारतात. तो नोकरीत स्थिरावलेला असेल तर अनुदानाची आशा थोडी, पण गरज न पाहता मिळणारे कर्ज उघडे राहते. पदव्युत्तर विद्यार्थी तर वय आणि लग्न काहीही असले तरी स्वतंत्रच मानले जातात.

लग्न कोणाचे मानायचे, हाही प्रश्न बराच काळ होता. मॅसॅच्युसेट्समध्ये 2004 पासून समलिंगी जोडप्यांची लग्ने कायदेशीर झाली. पण 1996 च्या केंद्रीय कायद्यामुळे फॅफ्सावर तीच माणसे ‘अविवाहित’ होती. स्वतःच्या राज्यात नवरा, आणि वॉशिंग्टनच्या अर्जात वडिलांवर अवलंबून मुलगा. जून 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचा मुख्य भाग रद्द केला आणि डिसेंबरमध्ये शिक्षण खात्याने जाहीर केले की जिथे लग्न झाले तिथे ते वैध असेल, तर अर्जातही ते धरले जाईल.

त्यानंतरचा मोठा बदल डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झाला आणि 2024-25 च्या अर्जापासून लागू झाला. प्रश्न कमी झाले आणि पूर्ण पेल ग्रँट (त्या वर्षी 7,395 डॉलर) कुणाला मिळेल हे दारिद्र्यरेषेच्या पटीत आधीच कळू लागले. एकट्याने मूल वाढवणाऱ्या विद्यार्थ्याला उत्पन्नाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या 225 टक्के आहे, विवाहिताला 175. एकटीने मूल वाढवणाऱ्या आईला जादा आधार दिला हे फार चांगले झाले. पण तिने लग्न केले तर काय होते ते पाहा. 2024 च्या दारिद्र्यरेषेनुसार आई आणि एक मूल अशा दोघांच्या घराची मर्यादा 45,990 डॉलर होती. नवरा आल्यावर माणसे तीन झाली आणि मर्यादा 45,185 वर आली. घरात एक माणूस वाढले, त्याचे उत्पन्न हिशोबात मिळवले गेले, आणि मर्यादा आठशे डॉलरने खाली आली. मर्यादेपलीकडे गेले तरी कमी रकमेची ग्रँट मिळू शकते, पण अशा घरात प्रत्येक शंभर डॉलरला महत्त्व असते.

याच कायद्याने आणखी एक शब्द बदलला, ज्याची चर्चा फारशी झाली नाही. आधी नवऱ्यापासून वेगळी राहणारी, पण घटस्फोट न झालेली विद्यार्थिनी विवाहित आणि म्हणून स्वतंत्र धरली जात असे. आता ‘विवाहित आणि विभक्त न झालेली’ अशी अट आहे. घटस्फोटितेला तर आधीपासूनच अविवाहित मानतात. बावीस वर्षांची, मूल नसलेली मुलगी नवऱ्याचे घर सोडून बाहेर पडली, तर अर्जाच्या लेखी ती पुन्हा आई-वडिलांची अवलंबून मुलगी होते. त्या लग्नावरून त्यांनी तिच्याशी बोलणे टाकलेले असले तरीही त्यांचे उत्पन्न तिला लिहून आणावे लागते. नाही मिळाले, तर मदत अधिकाऱ्यापुढे बसून आपली परिस्थिती अपवादाची कशी, हे तिनेच कागदांनिशी पटवून द्यायचे.