युनेस्को, जन गण मन आणि आमच्या काकांचा फॉरवर्ड

पंधरा ऑगस्ट जवळ आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांचा मेसेज ठरलेला, "अभिनंदन! आपलं राष्ट्रगीत जगात बेस्ट, युनेस्कोने आत्ताच जाहीर केलं!!", खाली तिरंगे आणि हात जोडलेले. हे "आत्ताच" गेली पंधरा-वीस वर्षं चालूय.

तर असं काहीही झालेलं नाही. 2008 मध्येच युनेस्कोने सांगितलं होतं की भारताच्या काय, कुठल्याच देशाच्या राष्ट्रगीताबद्दल आम्ही अशी घोषणा केलेली नाही. मुळात राष्ट्रगीतांना नंबर देणं हे त्यांचं कामच नाही हो, ते वारसास्थळं, परंपरा, शिक्षण असलं बघतात. आणि ते खरंच काही जाहीर करतात तेव्हा कसं असतं बघा, 2025 च्या जुलैमध्ये शिवकालीन 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले तर बैठक कुठे (पॅरिसला), किल्ले कुठले (रायगड, राजगडपासून तामिळनाडूतल्या जिंजीपर्यंत), सगळं नावानिशी यादीत आहे. काकांच्या मेसेजात ना तारीख ना बैठक, नुसतं "आत्ताच".

गाण्याची खरी गोष्ट काय कमी भारी आहे का? 27 डिसेंबर 1911 ला काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात ते पहिल्यांदा गायलं गेलं, मूळ कडवी पाच, आपण म्हणतो ते फक्त पहिलं, साधारण 52 सेकंदांचं, आणि राष्ट्रगीत म्हणून ते स्वीकारलं 24 जानेवारी 1950 ला. हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, तर काकांचा रिप्लाय आला, "छान माहिती", आणि खाली परत तोच फॉरवर्ड.