छोट्या गाडीची चार मीटरची रेघ

नवी गाडी घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ करखात्याने मात्र हा प्रश्न कधीच विचारला नाही. आपल्याकडे गाडीवरचा कर ठरतो तो तिची लांबी आणि इंजिनाचं माप पाहून. स्वस्तात पडणारी गाडी निवडताना हा इतिहास ठाऊक असलेला बरा, कारण आज शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाड्यांचा आकारच त्यातून घडला आहे.

मापावर करसवलत देण्याची पद्धत जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच सुरू झाली. तिथे १९४९ पासून ‘केई’ नावाचा छोट्या गाड्यांचा वेगळा वर्ग आहे. त्यांच्या इंजिनाची मर्यादा बरीच वर्षं ३६० सीसी होती, १९७६ मध्ये ती ५५० आणि १९९० मध्ये ६६० झाली. डिसेंबर १९८३ मध्ये आपल्याकडे आलेली मारुती ८०० याच घराण्यातली. सुझुकीच्या केई गाडीच्या सांगाड्यात ७९६ सीसीचं इंजिन बसवलेलं होतं.

भारतात रेघ ओढली गेली ती २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात. पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचं उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं आणि छोटी गाडी कशाला म्हणायचं तेही सांगितलं. लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत, इंजिन पेट्रोलचं असल्यास १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असल्यास १५०० सीसीपर्यंत. दोन वर्षांनी हेच शुल्क १२ टक्के झालं.

मग कंपन्या कामाला लागल्या. स्विफ्टचं पेट्रोल इंजिन १२९८ सीसीचं, म्हणजे रेघेच्या थोडंसंच पलीकडे. २०१० मध्ये त्या जागी ११९७ सीसीचं इंजिन आलं. टाटा मोटर्सने २००८ मध्ये इंडिगोचा मागचा भाग आखडून ती चार मीटरच्या आत बसवली आणि ‘सीएस’ या नावाने विकली. डिझायर पूर्वी ४१६० मिलिमीटरची होती, २०१२ मध्ये ती ३९९५ ची झाली. पुढच्या वर्षी होंडा अमेझ आणि फोर्ड इकोस्पोर्ट त्याच मापात आल्या. यांतल्या डिकी कापल्यासारख्या दिसणाऱ्या सेदान सुरुवातीला अनेकांना बेढब वाटल्या. पण कराचा फरकच असा होता की लोकांनी त्या आनंदाने घेतल्या. सवलतीने गाडी सामान्यांच्या आवाक्यात आली हे खरं. तरीही कर इंधनाच्या वापराशी जोडला असता तर कंपन्यांची तीच हुशारी ॲव्हरेज वाढवायला लागली असती, असं मला ठामपणे वाटतं.

रोजच्या खर्चाची गोष्ट वेगळीच घडत होती. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, डिझेलचे मात्र बांधलेलेच राहिले. २०१२ मध्ये तर दोन्हींत लिटरमागे ३० रुपयांच्या आसपास फरक पडला होता. महिन्याला जेमतेम पाचशे किलोमीटर फिरणाऱ्यांनीही त्या काळात लाखभर जास्त मोजून डिझेल गाड्या घेतल्या. जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा थोडंथोडं वाढत गेलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही नियंत्रणमुक्त झालं आणि ते गणित विस्कटलं. १ एप्रिल २०२० ला गाडीच्या धुराचे कडक असे बीएस-६ निकष लागू झाले. छोट्या डिझेल इंजिनाला ते महागात पडणारे होते, आणि मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या.

रिकामी झालेली ती जागा सीएनजीने घेतली. मुंबईत महानगर गॅसमुळे टॅक्सी-रिक्षांना सीएनजीची सवय आधीपासूनच होती. घरच्या गाडीत मात्र टाकीने डिकी भरून जायची, ही नेहमीची तक्रार. टाटांनी २०२३ मध्ये अल्ट्रोझला एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी दिल्या, तेव्हा ती बरीचशी मिटली.

२०१७ मध्ये जीएसटी आला तरी चार मीटरची रेघ पुसली गेली नाही. छोट्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर लागे, डिझेलवर उपकर ३ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि छोट्या गाड्यांवर १८ टक्के, बाकीच्यांवर ४० टक्के असे दोनच दर उरले. रेघ त्यामुळे आणखी ठळक झाली. करापूर्वी सहा लाखांची गाडी धरली तर रेघेच्या आत १ लाख ८ हजार रुपये कर बसतो, बाहेर २ लाख ४० हजार. विजेच्या गाडीला लांबीची अट नाही, तिच्यावर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्केच जीएसटी आहे.

त्यावर राज्याचा एकरकमी वाहनकर. महाराष्ट्रात तो इंधन आणि किंमत पाहून ठरतो. वैयक्तिक नावावरची दहा लाखांपर्यंतची गाडी पेट्रोलची असेल तर ११ टक्के, डिझेलची असेल तर १३ टक्के. सीएनजीवर तो ७ टक्के होता, १ जुलै २०२५ पासून ८ टक्के झाला. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर कर याहून बराच जास्त बसतो, छोट्या व्यावसायिकांनी हे आधीच तपासावं.

विम्याची रेघ आणखी निराळी. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार थर्ड पार्टी विम्याचा (अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या, सक्तीच्या विम्याचा) वर्षाचा हप्ता १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये. म्हणजे ९९८ सीसीची आणि ११९७ सीसीची गाडी जीएसटीच्या हिशेबात एकाच रांगेत असली, तरी विम्यात दुसरीला दर वर्षी १,३२२ रुपये जास्त पडतात.