गिटार ॲम्पमध्ये कपॅसिटर पंचवीस मायक्रोफॅरडचा की शून्य पॉइंट अडुसष्टचा?

कोल्हापुरात व्हॉल्व्हवर, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांवर, हात बसले ते रेडिओमुळे आणि मंडपातल्या कर्ण्यांमुळे. बंगळुरूच्या सरकारी कारखान्यातही तेव्हा व्हॉल्व्ह बनत. त्या पिढीच्या कारागिराच्या लेखी आवाज फाटला म्हणजे सेट बिघडला. गिटारवाल्याला नेमका तोच फाटलेला आवाज हवा असतो, फक्त बेतात.

ईसीसी८३ हा व्हॉल्व्ह, म्हणजेच अमेरिकेतला १२एएक्स७, १९४७ मध्ये बाजारात आला. वर्धनांक, म्हणजे सिग्नल वाढवायची ताकद, १००. कॅलिफोर्नियातल्या १९५०च्या दशकाअखेरच्या गाजलेल्या बेस ॲम्पमध्ये पहिल्या जागी मात्र १२एवाय७ होता, वर्धनांक जेमतेम ४४. १९६२च्या सुमारास लंडनच्या एका दुकानात त्याच सर्किटची जवळपास नक्कल झाली आणि त्या जागी ईसीसी८३ बसला. सिग्नल पहिल्याच टप्प्यात वाढला आणि पुढचे टप्पे लवकर फाटू लागले.

खरा वाद मात्र कॅथोडवरच्या, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकावरच्या, छोट्या कपॅसिटरचा. प्लेटला (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या टोकाला) १०० किलोओहम, कॅथोडला १.५ किलोओहम ही रेझिस्टरची नेहमीची जोडी. कॅथोडचा रेझिस्टर कपॅसिटरशिवाय ठेवला तर गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो तो आकडा, तिशीच्या आसपास राहतो. त्याला समांतर २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिला की साठीला पोचतो, आणि तोही सगळ्या सुरांना सारखाच. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची, तीसुद्धा पूर्ण ताकदीने पुढे जाते. स्वच्छ वाजवायचं तर उत्तमच. पण पुढचा टप्पा फाटायला लागला की हाच खर्ज सगळा घोळ करतो, कॉर्डमधला एकेक स्वर वेगळा ऐकू येत नाही. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये कॅथोडला २.७ किलोओहम आणि ०.६८ मायक्रोफॅरड ही जोडी आली. तिच्यात दोन-अडीचशे हर्ट्झच्या खाली गेन उतरत जातो, म्हणजे खर्ज फाटण्याआधीच छाटला जातो. जुन्या रेडिओवाल्याला ०.६८ दाखवा, ‘बास कुठं गेला?’ हेच विचारणार. त्याचं चूक नाही; त्याला गाणं ऐकायचंय. रॉकसाठी मात्र मला ०.६८च बरोबर वाटतो.

एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात सिग्नल नेणाऱ्या कपलिंग कपॅसिटरबद्दल गैरसमज जास्त. ०.१ मायक्रोफॅरडच्या जागी ०.०२२ टाकला की बास जातो, असं सर्रास सांगतात. पुढे १ मेगोहमचा पॉट (बटणाने फिरवायचा रेझिस्टर) असेल तर ०.०२२ची खालची मर्यादा ७ हर्ट्झच्या जवळ येते. तिथे गिटारचा सूरच नाही. फरक पडतो तो जोरात वाजवल्यावर. मोठा कपॅसिटर पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडच्या (सिग्नल घेणाऱ्या जाळीच्या) करंटने चार्ज होऊन बसतो आणि सावरायला वेळ घेतो, मधल्या काळात आवाज गुदमरतो.

पुढच्या दोन दशकांत टप्प्यामागे टप्पा जोडायची चढाओढ लागली. एका टप्प्याला मुद्दाम १० किलोओहमचा कॅथोड रेझिस्टर देऊन, कपॅसिटर न लावता, लाटेची एकच बाजू आधी कापायची युक्तीही तेव्हाचीच.

आता व्हॉल्व्ह रशिया, स्लोव्हाकिया, चीनमधून ऑनलाइन येतात, आणि सोबत जुन्या कागदी-तेली कपॅसिटरचं वेडही. तो कपॅसिटर जुना होऊन डीसी गळू लागला की पुढच्या ग्रिडचं बायस (ठरवून दिलेला स्थिर व्होल्टेज) सरकतं आणि आवाज बदलतो. त्याला ‘विंटेज’ म्हणून दाद मिळते. जुन्या कार्बन रेझिस्टरची सळसळही त्यातलीच. कोल्हापुरातल्या उद्यमनगरात ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेणाऱ्याने त्या पैशात चार वेगवेगळ्या मायक्रोफॅरडचे साधे फिल्म कपॅसिटर आणावेत, एकेक डाग देऊन (सोल्डर करून) ऐकावं. फक्त आधी वीजपुरवठ्यातला मोठा फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज करावा. बंद ॲम्पमध्येही तीनशे व्होल्ट दबा धरून असतात.