सहाव्या वर्षी गुपचूप येणारी दाढ

"दुधाचीच दाढ आहे ना ही, डॉक्टर? पडेल आणि नवीन येईल."

मुलांच्या दातांची डॉक्टर म्हणून काम करताना हे वाक्य मला जवळजवळ रोज ऐकायला मिळतं. परवा आठ वर्षांच्या नातवाला घेऊन एक आजी आल्या होत्या. खालच्या उजव्या दाढेत काळं भगदाड पडलेलं. पोरगा दोन रात्री झोपला नव्हता, लवंगेचं तेल लावून झालं होतं. "आजी, ही पडणारी दाढ नाही. जन्मभर त्याला हीच वापरायची आहे," असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. यात त्यांची काहीच चूक नव्हती. ही गोष्ट त्यांना आजवर कुणी सांगितलीच नव्हती.

पुढचे दात बदलतात तेव्हा घरभर चर्चा होते. दात हलतो, पडतो, मग त्या जागी नवा येतो. पहिली पक्की दाढ मात्र कुठल्याच दाताला पाडून येत नाही. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, हिरडीच्या कोपऱ्यातून ती हळूच डोकं वर काढते. दुखत नाही, रक्त येत नाही, त्यामुळे मूलही काही बोलत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. दोन पुढच्या दातांच्या मधल्या फटीपासून मागे मोजत जायचं. पाच दुधाचे किंवा त्यांच्या जागी आलेले नवे दात मोजून झाले की सहावी ही. सहाव्या वर्षी येणारी, सहाव्या नंबरची. अशा चार दाढा येतात, वर दोन आणि खाली दोन. बाराव्या वर्षाच्या आसपास त्यांच्या मागे आणखी चार येतात.

पूर्ण वर यायला या दाढेला वर्ष-सव्वा वर्षसुद्धा लागतं. तेवढा काळ ती शेजारच्या दातांपेक्षा बुटकी असते. मूल ब्रश फिरवतं तेव्हा ब्रश पुढच्या दाढांवर टेकतो आणि हिच्या डोक्यावरून तसाच पुढे जातो. त्यात नव्या दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, अजून कच्चं असतं. लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट घेऊन पुढची एक-दोन वर्षं ते मुरत जातं. म्हणजे दाढ सगळ्यात नाजूक असते त्याच काळात तिच्यापर्यंत ब्रश पोचत नाही. पक्क्या दातांतली कीड लहान वयात एवढी का दिसते, त्याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

उरलेलं निम्मं उत्तर दाढेच्या आकारात आहे. दाढेचा माथा सपाट नसतो. त्यावर उंचवटे असतात आणि उंचवट्यांमध्ये खाचा. वरून पाहिलं तर पेन्सिलीने ओढलेल्या बारीक रेघा वाटतात. पण काढलेली दाढ उभी कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की ती रेघ म्हणजे चक्क दरी असल्याचं दिसतं. काही खाचा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या उघड्या असतात, तर काही सुरईसारख्या, तोंड अरुंद आणि आत पोट फुगलेलं. अशा खाचेचं तोंड साधारण एक दशांश मिलिमीटर, तर ब्रशचा एक केस त्याच्या जवळपास दुप्पट जाड. कितीही चांगला ब्रश घ्या, कितीही वेळ घासा, तो केस आत शिरूच शकत नाही. खाचेच्या तळाशी एनॅमल पातळ असतं, काही ठिकाणी तर नावापुरतंच. कवच सगळ्यात पातळ असतं तिथेच चहात बुडवलेल्या बिस्किटाचा आणि खारीचा लगदा जाऊन बसतो.

इथे 'कीड' या शब्दाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तो दिशाभूल करतो. दातात किडा नसतो. दाढेतून किडे काढून दाखवणारे लोक आजही बाजारात भेटतात, ते किडे दातातले नसतात. दात किडवणारे असतात ते डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव. हे जिवाणू साखर आणि पिठूळ पदार्थ खाऊन आम्ल तयार करतात. दातावरच्या थराची आम्लता वाढून पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. नंतर लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि खनिजं परत बसवते. दिवसभर ही देवाणघेवाण चालूच असते. उघड्या, गुळगुळीत भागावर लाळ बहुतेक वेळा जिंकते. सुरईच्या तळाशी मात्र ती नीट पोचतच नाही. फ्लोराइडचंही तसंच आहे. गुळगुळीत भागाचं ते उत्तम रक्षण करतं, खाचेत त्याचा जोर कमी पडतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या, म्हणजे सीडीसीच्या, म्हणण्यानुसार मुलांच्या पक्क्या दातांतल्या दर १० पोकळ्यांपैकी ९ मागच्या दातांत असतात.

मग खाच बुजवूनच टाकली तर? आज त्यासाठी सीलंट नावाचा पातळ लेप मिळतो, पण हा विचार शंभर वर्षांपूर्वीच सुचला होता. १९२३ मध्ये थॅडियस हयात या अमेरिकी दंतवैद्याने सुचवलं, की खाच किडायच्या आधीच ती कोरून रुंद करावी आणि तिच्यात चांदी भरावी. कीड टाळण्यासाठी निरोगी दात कोरायचा! आज हे क्रूर वाटतं, पण त्या काळी दुसरा इलाजही नव्हता. अडचण एकच होती: ओल्या, गुळगुळीत एनॅमलला काहीही चिकटत नव्हतं. भराव दातात टिकवायचा तर दात कोरून त्याला आतून अडकवावाच लागायचा.

ही अडचण सोडवली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या मायकेल ब्युओनोकोर यांनी. पत्र्यावर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यात आधी फॉस्फोरिक आम्लाने पत्रा तयार करून घेतात, हे त्यांना ठाऊक होतं. आपल्याकडे कल्हईवाल्याला पाहिलेल्यांना हे चटकन समजेल. भांडं तापलं की तो आधी नवसागर घासायचा, धूर उठायचा आणि मगच कथील सरसर पसरून चिकटायचं. नवसागर नसेल तर कथलाचे गोळे भांड्यात नुसतेच घरंगळतात. चिकटवायचं काही असो, आधी पृष्ठभाग तयार करावा लागतो. ब्युओनोकोर यांनी ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल ३० सेकंद एनॅमलला लावलं, धुतलं आणि त्यावर अ‍ॅक्रिलिकचे थेंब ठेवले. नुसत्या दातावरचे थेंब सरासरी दिवसभरही टिकले नाहीत. आम्ल लावलेल्या दातांवरचे कित्येक आठवडे टिकले. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या त्या छोट्या लेखावर आजचं अर्धं दंतवैद्यक उभं आहे असं मी म्हणेन. दाताच्या रंगाचे भराव, ब्रेसेसचे चिकटवलेले तुकडे, सगळं त्यातूनच आलं.

सीलंटला मात्र आणखी बारा वर्षं लागली. १९६७ मध्ये ब्युओनोकोर आणि त्यांचे सहकारी क्युएटो यांनी खाचा बुजवण्याचे पहिले निष्कर्ष मांडले. त्यांनी वापरलेला पदार्थ आपल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या कुळातला होता. कीड कमी झाली, पण लाळेत तो पदार्थ टिकेना. तोवर राफाएल बोवेन यांनी बिस-जीएमए नावाचं रेझिन, म्हणजे वाळून प्लास्टिकसारखं घट्ट होणारं चिकट द्रव्य, शोधलं होतं, १९६२ मध्ये त्याचं पेटंट झालं होतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच रेझिनची, प्रकाशाने घट्ट होणारी सीलंट बाजारात आली. आजची सीलंट बहुतेक त्याच घराण्यातली आहेत.

आता खुर्चीजवळ येऊन बघा. सुई नाही, ड्रिलही नाही. आधी दाढ ब्रशने स्वच्छ करायची. गालाच्या बाजूला आणि जिभेच्या बाजूला कापसाच्या गुंडाळ्या ठेवायच्या, लाळ ओढणारी नळी लावायची. मग निळ्या रंगाचं आम्लाचं जेल खाचांवर १५ ते ३० सेकंद. ब्युओनोकोर यांच्यापेक्षा सौम्य, साधारण ३७ टक्क्यांचं. ते धुऊन हवेने वाळवलं की दाढेची चमक जाते आणि ती खडूने घासलेल्या पाटीसारखी पांढरट दिसते. त्या पांढुरकेपणाची मी वाट बघत असते. तो दिसला म्हणजे एनॅमलमध्ये लक्षावधी सूक्ष्म छिद्रं उघडलीत. मग मधाहून पातळ रेझिनचा एक थेंब खाचेत सोडायचा. तो आपोआप त्या छिद्रांत उतरतो. वीसेक सेकंद निळा प्रकाश टाकला की आतल्या आत त्याची मुळं घट्ट होतात. ओठाने धरलेलं नाही, मुळाने धरलेलं, म्हणून टिकतं.

या सगळ्यात शत्रू एकच, लाळ. आम्ल धुतल्यानंतर आणि रेझिन सोडण्याआधी लाळेचा एक थेंब जरी लागला, तरी ती छिद्रं बुजतात. मग सुरुवातीपासून सगळं परत. वळवळणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात अगदी मागची दाढ दोन मिनिटं कोरडी ठेवणं, हेच खरं कसब. महिन्या-दोन महिन्यांत निघालेली सीलंट बहुतेक वेळा इथेच चुकलेली असतात.

फायदा किती? सीडीसीच्या मते सीलंटमुळे मागच्या दातांतल्या ८० टक्के पोकळ्या दोन वर्षं टळतात आणि चार वर्षांपर्यंत जवळपास निम्म्या. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०१७ सालचा आढावा जास्त सावध आहे. दोन वर्षांत ११ ते ५१ टक्के घट, असं तो म्हणतो. आकड्यांत हा फरक पडतो कारण कीड मुळात किती आहे, यावर वाचवण्याजोगे दात ठरतात. मला स्वतःला सगळ्यात बोलका वाटतो तो रिचर्ड सिमन्सन यांचा १९९१ चा अभ्यास. एकदाच लावलेलं सीलंट, पुन्हा कधीही न भरता, १५ वर्षांनी तपासलं. २८ टक्के दाढांवर ते पूर्ण शाबूत होतं, ३५ टक्क्यांवर अर्धवट. आणि पहिल्या पक्क्या दाढांचे ६९ टक्के पृष्ठभाग निरोगी होते. सीलंट न लावलेल्या गटात निरोगी होते फक्त १७ टक्के.

पालक हमखास विचारतात, की आत कीड राहिली आणि वरून बंद केली तर? शंका रास्त आहे, मलाही शिकत असताना आली होती. पण जिवाणूंची रसद बाहेरून येते. झाकण घट्ट असेल तर साखर आत जात नाही, जिवाणूंची संख्या घटत जाते आणि कीड थांबते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या एका अमेरिकी अभ्यासात तर उघड पोकळीतली कीड न काढता वरून घट्ट बंद केली होती, तरीही ती पुढे सरकली नाही. म्हणून सुरुवातीची, खाचेपुरती डागाळलेली दाढ आम्ही आता बिनधास्त सील करतो. खोल खड्डा पडला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे भरावच लागतो.

दुसरी भीती प्लास्टिकमधल्या बीपीए या रसायनाची. काही सीलंटमधून सुरुवातीला त्याचा अगदी सूक्ष्म अंश सुटतो, पण रोजच्या अन्नातून आणि डब्या-बाटल्यांतून जितका पोटात जातो त्याहून तो कमी असतो. लावल्यावर वरचा ओलसर थर पुसून चूळ भरायला लावली की तोही बराच जातो.

मात्र सीलंट लावलं म्हणजे झालं, असं कुणी समजू नये. दोन दातांच्या मधल्या फटीचं ते रक्षण करत नाही. तिथे फ्लोराइडची पेस्ट आणि रात्रीचा ब्रशच लागतो. दर सहा महिन्यांनी सीलंट बघून घ्यावं लागतं, तुकडा उडाला असेल तर तेवढाच परत भरता येतो.

आता मला सगळ्यात जास्त सतावणारी गोष्ट. ज्या मुलांना सीलंटची सगळ्यात जास्त गरज आहे, ती आमच्या खुर्चीपर्यंत येतच नाहीत. येतात तेव्हा पोकळी झालेली असते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत आणि अंगणवाड्यांत मुलं तपासतात, त्यात दातही बघतात. त्याच भेटीत पहिलीतल्या आणि सातवीतल्या मुलांच्या नव्या दाढा सील का होऊ नयेत? साधन उपलब्ध आहे. १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्सन आणि केंट यांनी ग्लास आयनोमर सिमेंट शोधलं. ते ओलसरपणा बऱ्यापैकी सहन करतं, त्यातून फ्लोराइड झिरपतं, आणि घट्ट व्हायला त्याला दिवा लागत नाही. रेझिनपेक्षा ते लवकर झिजतं हे खरं, पण वरून निघून गेल्यासारखं दिसलं तरी खाचेच्या तळाशी थोडं उरतं. १९८० च्या दशकात टांझानियात वीज आणि यंत्रं नसलेल्या ठिकाणी हातातल्या अवजारांनी दात भरण्याची पद्धत सुरू झाली, पुढे तिच्यात हेच सिमेंट वापरलं जाऊ लागलं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

एका शाळेत मी ते केलं आहे. दोन बाकं जोडून त्यावर सतरंजी अंथरली, मुलीला आडवं झोपवलं, वर्गशिक्षिका बाईंनी बॅटरी धरली. दाढ पुसली, भुकटी आणि द्रव घोटून सिमेंट खाचांवर ठेवलं आणि हातमोज्याच्या बोटाला व्हॅसलीन लावून ते दाबून धरलं. जास्तीचं बाजूला सरकलं, तेवढं काढून टाकलं. पाच-सहा मिनिटांत ती उठून बसली, जिभेने मागे चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "बाई, दुखलंच नाही. आता दुसऱ्या बाजूचं करा."