इसिसॉरस

इसिसॉरस : लांब मानेचा अजस्र शाकाहारी डायनोसॉर. काळ क्रिटेशस कल्पाची अखेर, म्हणजे साधारण ७ कोटी वर्षांपूर्वीचा, गट टायटॅनोसॉर. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या लॅमेटा या गाळखडकांच्या थरांत त्याचा बराचसा सांगाडा सापडला. कवटी व मागचे पाय त्यात नाहीत. पुढच्या पायाचे वरचे हाडच १.४८ मीटर, सहावीतल्या पोराच्या उंचीएवढे. एकूण लांबीचे अंदाज ११ ते १८ मीटर असे दूरदूरचे आहेत.

नावाचा गुंता जुना आहे. इंग्रज पुराजीवशास्त्रज्ञ लायडेकरने १८७७ मध्ये जबलपूरच्या शेपटीच्या मणक्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ ही जाती ठरवली. मणक्याला पुढे खळगा, मागे फुगवटा, हीच काय ती खूण. पुढे अर्जेंटिना, युरोप, मादागास्कर येथील हाडेही याच ‘टायटॅनोसॉरस’ प्रजातीत (जातींच्या गटात) घातली गेली. जैन व बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये डोंगरगावच्या सांगाड्याचे वर्णन केले तेही ‘टायटॅनोसॉरस कोल्बर्टी’ म्हणूनच. विल्सन व अपचर्च यांनी २००३ मध्ये दाखवले की ती खूण बहुतेक टायटॅनोसॉरांत आढळते. सबब प्रजाती टिकत नाही. डोंगरगावच्या प्राण्याला त्यांनी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून (ISI) ‘इसिसॉरस’ हे नाव दिले. (डायनोसॉर आणि संख्याशास्त्र ही जोडी विचित्र वाटेल, पण संस्थेचा भूविज्ञान विभाग नावाजलेला आहे.) प्रस्तुत नोंदीत हेच नाव ग्राह्य धरले आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातीलच पिसदुरा येथे अश्मीभूत विष्ठा मिळते. तिच्यात गवताचे सिलिका-कण असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि गवताचा उगम डायनोसॉरांच्या काळापर्यंत मागे गेला. ही विष्ठा टायटॅनोसॉरांची असावी, असे सोबतच्या हाडांवरून मानतात. ती इसिसॉरसचीच, असे म्हणवत नाही. गवत तरी आहारात अल्पच असावे. ज्वारीही गवतकुळातलीच, पण कडब्याची गंजी फस्त करणारा इसिसॉरस सोलापूरकराने डोळ्यांपुढे आणू नये.

सोलापूर परिसरात अशा हाडांची आशा धरता येत नाही. इथली भूमी दख्खनच्या लाव्हाची, मुख्यतः ६.६ कोटी वर्षांच्या आसपासची. विहीर खोदताना काळी माती, मुरूम, मांजऱ्या (मऊसर खडक) आणि मग काळा पाषाण लागतो. पाषाणातल्या पोकळ्यांत पांढरे, गोल गोटे निघतात. ती अंडी नव्हेत. खडकात झिरपलेल्या पाण्याने साठवलेली खनिजे आहेत.